नकाशात नसलेला कोपरा

तुमच्या पेठेतली जुनी इमारत कुणी मारली, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय का?

बिल्डरनं, महापालिकेनं, पुढाऱ्यांनी, अशी उत्तरं चटकन देऊ नका. मीही ती अनेक वर्षं देत होते. घोषणेत ती चांगली बसतात. पण आमच्या तालमीच्या बाबतीत त्यातलं एकही खरं नाही. आमची तालीम आम्हीच मारली. जीव लावून, श्रमदान करून, हलगी लावून मारली.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेचा फुटबॉल संघ तिथला, लग्नाची मोठी पातेली तिथली, दोन भावांचं भांडण मिटवायला बसायची जागा तिथली. गणपती तिथं बसतो आणि मोहरमचा पंजाही तिथंच बसतो. पंजा म्हणजे काठीवर बसवलेला धातूचा हात, रेशमी कापडांनी सजवलेला. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत तो बसतो आणि त्याच्यापुढं नारळ फोडायला रांगेत उभी असतात ती बहुतेक हिंदू घरं. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. हल्ली वाटू लागलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमची तालीम पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर होती. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, वर कौलं. आत उतरलं की लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली असायची, त्यामुळं बाहेरच्या कट्ट्यावर बसलं तरी आंबूस-गोड वास यायचा. पूर्वेच्या भिंतीत मारुतीची देवळी होती. पश्चिमेच्या कोपऱ्यात, भिंतीच्या जाडीतच काढलेली एक जागा होती. खोली म्हणावी तर लहान, कपाट म्हणावं तर मोठी. तिथं लाकडी पेटीत पंजा वर्षभर असायचा.

बायकांना हौद्यात पाय ठेवायला बंदी होती. याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे आणि जुन्या वास्तूचं कौतुक करताना तो झाकून ठेवायचं मला कारण दिसत नाही. पण वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मोहरमात, आम्ही उंबरा ओलांडून आत जायचो. माझी तालीम त्या दिवसांची.

वडील नेसरीकडच्या एका गावातून शहरात आले ते छापखान्यात खिळे जुळवायला. पुढं त्यांनी स्वतःचा छोटा छापखाना काढला आणि लग्नपत्रिकांबरोबर पत्रकं छापायला सुरुवात केली. पाणीपट्टीविरुद्ध, भोंदूबाबांविरुद्ध, शाळेच्या फीविरुद्ध. बऱ्याच पत्रकांचा मजकूर त्यांचाच असे. मी बाराखडी गिरवली ती त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. उलट्या बाजूनं 'जाहीर निषेध' ही अक्षरं उमटलेली असत आणि त्यावरून मी 'ग गणपतीचा' काढायची.

अशा माणसाच्या घरात आईनं मला मोहरमात फकीर केलं होतं. लहानपणी मी सतत आजारी असायची, म्हणून तिनं पंजापुढं बोललं होतं की पोरगी बरी झाली की पाच वर्षं फकीर करीन. गळ्यात हिरवा-लाल नाडा, खांद्याला झोळी, पाच घरं मागायची.

"मी सगळ्या गावाला अंधश्रद्धा सांगत हिंडतोय आणि माझ्या दारात फकीर!" वडील म्हणायचे.

"गावाला सांगा की. पोरगी माझी हाय," आई म्हणायची. "आणि झोळीतलं चोंगं खाताना तुमची श्रद्धा कुठं जाती?"

चोंगे म्हणजे मोहरमात करतात त्या गोड, तळलेल्या पोळ्या. वडील ते मिटक्या मारत खायचे.

पश्चिमेच्या कोपऱ्याची किल्ली चाचांकडं असायची. चाचा शिंपी. त्यांचं दुकान तालमीच्या समोरच होतं. पैलवानांचे लंगोट आणि आमच्या शाळेचे फ्रॉक ते एकाच मशीनवर शिवायचे. किल्ली त्यांच्याकडं का, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. त्यांच्या वडलांकडं होती, म्हणून त्यांच्याकडं होती. कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती, कारण भिंत होती. भिंतीत जागा होती आणि त्या जागेत पंजा होता. आमच्या पेठेनं एकमेकांशी केलेला करार दगड-चुन्यात होता.

आणखी एक रीत होती. मोहरमचा चंद्र दिसला की तालमीपुढच्या मातीत कुदळ मारायची आणि तिथं आलाव्याचा, म्हणजे जाळाचा खड्डा खणायचा. ही पहिली कुदळ मारायचे आमचे वस्ताद. शेतकरी मराठा घरातला माणूस, मारुतीचा भक्त, कान मोडलेले, मान बैलासारखी. ते कुदळ उचलायचे, चाचा 'बिस्मिल्ला' म्हणायचे आणि हलगी सुरू व्हायची. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं, हे सगळीकडं असंच असतं.

मग महापूर आला.

पूर आमच्या पेठेला नवा नाही, पण त्या वर्षी पाणी तालमीच्या देवळीपर्यंत चढलं आणि कित्येक दिवस उतरलंच नाही. वर घाटात, गगनबावड्याकडं पाऊस थांबला अशी बातमी यायची, लोक सुटकेचा निःश्वास टाकायचे, तेवढ्यात पुन्हा तिकडं कोसळायचा आणि इकडं नदी फुगायची. पंजाची पेटी चाचांनी आणि वस्तादांनी गळाभर पाण्यातून बाहेर काढली होती. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर हौदा नव्हताच. लाल माती पाण्याबरोबर गेली होती आणि तिच्या जागी काळा, घाण वास मारणारा गाळ. त्या दिवशी बायकांना आत यायला कुणी अडवलं नाही. घमेली भरभरून गाळ काढायला मात्र आमचे पाय त्यांना चालले.

गाळ निघाला. भिंतींवर मात्र पुराची रेघ राहिली, माणसाच्या डोक्याच्या वर. हात लावला तर भिंत ओली, थंड. आणि गणपती तोंडावर आलेला.

इथं आमच्या लोकांचा स्वभाव सांगायला हवा. कोल्हापूरकर दुःख करत बसत नाही. गणपती पुराच्या रेघेखाली बसवायचा, ही कल्पनाच कुणाला सहन होईना. दुसऱ्या पेठेचे लोक येऊन बघणार, मग तालमीची इज्जत काय राहिली? ठरलं, की तालीम गणपतीच्या आत चकाचक करायची. सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या ओळखीच्या एक आर्किटेक्ट बाई होत्या, जुन्या इमारतींवर काम करणाऱ्या. त्यांना मी हाताला धरून आणलं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, ठोकून बघितलं आणि वस्तादांना हात जोडून म्हणाल्या, "घाई करू नका. ही चुन्याची भिंत आहे. तिनं पाणी प्यायलंय, ते तिला हवेत सोडू द्या. उन्हाळाभर तशीच उघडी ठेवा. वरून सिमेंट लावलंत तर पाणी आतच राहील. या भिंतीला श्वास घ्यायला जागा लागते."

सगळ्यांनी ऐकलं. बाईंना चहा दिला, मान दिला, रिक्षापर्यंत पोचवलं. रिक्षा वळली आणि कट्ट्यावरून आवाज आला, "भिंतीला श्वास लागतोय म्हणं! मग सकाळी उठून तिला प्राणायाम शिकवूया की."

"दंड-बैठका काढायला लावा. तालमीचीच भिंत हाय."

सगळे हसले. वस्तादही हसले. मी भांडले. तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "तायडे, तुझं बरोबर असंल. पण उन्हाळ्यापातूर ही रेघ बघत बसायचं? माझ्यानं न्हाय व्हणार." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. त्याला मी खलनायक करू शकत नाही. फार सोपं झालं असतं ते.

त्यानंतरचे दिवस पेठेनं घरची कामं सोडली. गवंडी फुकट आले, वाळू कुणी तरी आणून टाकली, शाळकरी पोरांनी पाणी वाहिलं, आयांनी भाकऱ्या बडवल्या. संध्याकाळी हलगी वाजायची आणि त्या तालावर पोरं भिंत घासायची. मीही भाकऱ्या वाटल्या. इतकी एकजूट मी पुन्हा पाहिली नाही. गणपतीच्या दिवशी तालीम अशी झळकत होती की शेजारच्या पेठेचे लोक फोटो काढायला आले. ओली भिंत आत, सिमेंट आणि ऑइलपेंट बाहेर. घट्ट, चकचकीत, हवाबंद.

पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. फोड फोडले की आतून पाणी यायचं. पोरांनी ते खरवडून पुन्हा रंग मारला. त्याच्या पुढच्या पावसात पश्चिमेची भिंत पोटासारखी पुढं आली. आणि एका दुपारी, आत कुणी नसताना, तिचा वरचा भाग खाली बसला. पंजाची जागा उघडी पडली. कौलांतून सरळ आभाळ दिसत होतं. महापालिकेची नोटीस आली ती त्यानंतर, मेलेल्या माणसाला डॉक्टरनं मेल्याचं सांगावं तशी. 'धोकादायक इमारत.'

बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, "अजूनही पूर्व बाजू वाचेल. दगड तेच वापरून पश्चिमेची भिंत परत उभी करता येईल." पण आता पेठेला डागडुजी नको होती. आमदारांनी निधी कबूल केला होता आणि लोकांना तीन मजले दिसू लागले होते. खाली पार्किंग आणि गाळे, वर मॅटचा आखाडा, त्याच्यावर हॉल. पाडायला जेसीबी आला तेव्हा लोकांनी त्याची पूजा केली. मी वडलांबरोबर रस्त्याच्या पलीकडं उभी होते. जेसीबीच्या पहिल्या फटक्याला सागवानी खांब हललासुद्धा नाही. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपला पैलवान पडत नाही म्हणून वाजवाव्यात तशा. दुसऱ्या फटक्यानंतर कुणी वाजवल्या नाहीत.

इथवरचं दुःख वास्तूचं होतं. ते मी कदाचित पचवलं असतं. पुढचं पचत नाही.

नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला बैठक बोलावली. तालीम नव्हती, म्हणून शाळेच्या पटांगणात. अध्यक्षानं मोठा कागद फळ्याला लावला आणि काठीनं दाखवत गेला. इथं मारुती, इथं गणपतीचं स्टेज, इथं ऑफिस, इथं ट्रॉफ्यांचं कपाट, इथं बाथरूम. लोक खूश होते.

मागच्या रांगेतून चाचा उभे राहिले. "पंजाची जागा कुठं धरलीया?"

"चाचा, बसा की. जागा हाय. पेठ तुमची न्हाय व्हय?"

"पेठ हाय. नकाशात कुठं हाय?"

"आता नकाशात सगळंच कसं दाखवायचं?"

"संडास दाखवलाय की," चाचा म्हणाले.

हशा पिकला. अध्यक्षही हसला आणि क्षणभर मला वाटलं, झालं, आता हा काठी ठेवून पेन काढणार. तेवढ्यात मागून कुणी तरी बोललं. कोण ते मला दिसलं नाही आणि मी नंतर शोधलंही नाही. "आता दिवस बदलल्यात. सरकारी निधीचं काम हाय. कशाला उगंच वाद वाढवायचा?"

हसू थांबलं. अध्यक्षानं खाली बघितलं. "मोहरम आला की बघू की," तो म्हणाला. "मांडव घालू. जोरात करू. काय वस्ताद?"

सगळ्यांनी वस्तादांकडं पाहिलं. ते पहिल्या रांगेत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. बोलले नाहीत. मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. चाचा खाली बसले.

त्या काळात शहरात जे वातावरण होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगे होत होते. दुकानांची शटर अर्धी ओढलेली असायची. कुणीही पंजाला 'नको' म्हटलं नव्हतं, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगेन. त्यांनी फक्त कागदावर काढलं नाही. हाकलून लावण्याचा हा प्रकार इतका सभ्य असतो की त्याच्याविरुद्ध घोषणा देता येत नाही. द्यायची कुणाच्या नावानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तादांच्या घरी गेले. ते अंगणात म्हशीला वैरण घालत होते.

"वस्ताद, काल तुम्ही का बोलला न्हाईसा?"

"बस. चा घेणार?"

"चहा नको. तुम्ही एक शब्द बोलला असता तर जागा मिळाली असती."

त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "पोरी, कुस्तीत एकाला पाडायचं असतंय. हितं मी बोललो की माझीच पोरं दोन बाजूला व्हणार. अर्धी हिकडं, अर्धी तिकडं. तालीम बांधायच्या आधीच फुटली. मग त्या पंजाला तरी कोण राखणार?"

"आणि चाचा?"

"त्याला ठावं हाय माझं मन."

"मन ठावं असून काय उपयोग? नकाशा बदलायला मन चालत न्हाय."

"जा आता," ते म्हणाले. रागानं नाही. मला ते अजून ऐकू येतं, तो 'जा'.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काही मला येत नाही. वडलांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलीनं विशेषणं खोडायला लागले. 'निर्लज्ज' गेलं. 'विश्वासघातकी' गेलं. "ह्यानं लोकांना राग येईल," ते म्हणाले, "पण त्यातला एक तरी उठून चाचांच्या बाजूला जाऊन बसेल का, ते बघ." मी चिडले. माझ्या वयाचे असताना त्यांनी स्वतः काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. पण शेवटी त्यांचंच ऐकलं आणि साधं लिहिलं: पश्चिमेच्या कोपऱ्यात पंजाची जागा होती, ती नव्या नकाशात दाखवावी.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर वाटायला गेले. तिथं म्हशी रस्त्यावरच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पेठेतले सगळे तिथं असतात. लोकांनी पत्रक घेतलं, कुणी परत दिलं नाही. कुणी घडी घालून खिशात ठेवलं, कुणी कट्ट्यावर ठेवून त्याच्यावर दुधाचा पेला ठेवला. एकानं त्याच पत्रकानं मिशीवरचा फेस पुसला.

"काय पत्रकवाली, नगरसेवक व्हायचंय काय?"

"व्हय, तुझ्या वॉर्डातनं," मी म्हणाले.

"मग पंज्याचं चिन्ह मिळणार न्हाय तुला. ते गेलंय आधीच."

लोक हसले, मलाही हसू आलं. विनोद चांगला होता. पण त्या हसण्यात पत्रक वाहून गेलं. कोल्हापुरात कुणी तुम्हाला गप्प करत नाही, चेष्टा करतं. त्या रात्री घरी आल्यावर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा वडलांनी उचलला आणि छापखान्यात नेऊन ठेवला.

मोहरम आला तेव्हा तालमीच्या जागेवर खड्डे आणि उभ्या सळया होत्या. मांडव घालायला जागाच नव्हती, म्हणजे 'बघू की'चं उत्तर आपोआप मिळालं. चाचांचा मुलगा शहराबाहेर उचगावला भाड्याच्या घरात राहायचा, कारखान्यात कामाला होता. चाचांनी ठरवलं, पंजा तिकडं न्यायचा. भिंत बसल्यापासून पेटी चाचांच्या दुकानात होती, ती रिक्षात ठेवायची होती. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, पण वस्ताद आले. दोघांनी दोन्ही बाजूंनी पेटी धरली. पेठेतली माणसं दारात उभी राहिली. बायकांनी पदर डोक्यावर घेतला. माझी आई रडत होती. कुणी थांबवलं नाही. मला वाटतं, थांबवण्यासाठी काय म्हणावं लागतं हेच आम्ही विसरलो होतो.

चंद्र दिसला त्या संध्याकाळी वस्ताद कुदळ घेऊन उचगावला गेले. बरोबर मी, आणि माझ्या आश्चर्याला पारावार राहिला नाही, माझे वडीलही. आयुष्यभर ज्यांनी अंगारे-धुपारे यांच्याविरुद्ध लिहिलं ते एसटीच्या खिडकीशी बसून म्हणाले, "मी देवाला चाललो नाही. मी शेजाऱ्याला चाललोय."

घर एका अरुंद गल्लीत. वर पत्रा, खाली दोन खोल्या. पंजा आतल्या खोलीत, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर मांडलेला. गल्लीतले शेजारी परगावचे, कामगार माणसं. काय चाललंय ते कुतूहलानं बघत होते. वस्तादांनी दारासमोर उभं राहून कुदळ उचलली. चाचा 'बिस्मिल्ला' म्हणाले. कुदळ खाली आली आणि टण्णकन वाजली.

गल्ली सिमेंटची होती. कुदळीचं टोक घसरलं, एवढासा पांढरा ओरखडा उठला. वस्तादांनी पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज. शेजारच्या घरातलं लहान पोर हसलं आणि त्याच्या आईनं त्याला आत ओढलं.

"ऱ्हाऊ दे, वस्ताद," चाचा म्हणाले.

"थांब की." ते गल्लीच्या कडेनं चालत गेले, खाली बघत. गटार आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर मातीची पट्टी होती, प्लास्टिकच्या पिशव्या रुतलेली. तिथं त्यांनी कुदळ मारली. खड्डा झाला तो तांब्याएवढा. आलावा पेटवण्यासारखा नव्हताच. हलगी आणली होती, पण वाजवायला गल्लीत कुणाला विचारायचं, हे ठरेना, म्हणून ती पिशवीतच राहिली.

परत येताना वस्ताद एसटीत एकच वाक्य बोलले. "म्या बोलाय पायजे हुतं." वडलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पहिल्या वर्षी पेठेतली बरीच माणसं मोटारसायकली काढून उचगावला नारळ द्यायला गेली. दुसऱ्या वर्षी मोजकी गेली. गेल्या मोहरमात मी आईला घेऊन गेले तेव्हा आमच्याखेरीज पेठेतलं कुणी भेटलं नाही. आता पेठेत अशी मुलं आहेत, चालती-बोलती, शाळेत जाणारी, ज्यांनी तालमीत पंजा पाहिलेला नाही. त्यांना कुणी सांगितलं की तालमीत पंजा कधीच नव्हता, तर ती कशाकडं बोट दाखवणार? भिंत होती तोवर भिंतच सांगायची. तिच्यातला तो कोपरा बघून परगावचा पावणासुद्धा विचारायचा, इथं काय असतं? प्रश्न विचारायला लावणारी गोष्टच आम्ही डंपरमध्ये भरून पाठवली.

म्हणून मला 'वारसा' हा शब्द ऐकला की चीड येते. वारसा म्हणजे जुनं नक्षीकाम, फोटोला छान, शनिवार-रविवारी हेरिटेज वॉक. कोण कुणाच्या शेजारी बसत होतं हे जिच्यात बांधलेलं असतं ती भिंत कुणाच्याच यादीत नसते. ती पडली की पुन्हा नव्यानं विचारावं लागतं, आणि नव्यानं विचारण्याइतका हा काळ चांगला नाही.

गेल्या आठवड्यात मी चाचांना भेटले. डोळे अधू झालेत, शिवण बंद आहे. मी सांगितलं की दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला, पण तळमजल्याच्या आतल्या भिंती अजून उठलेल्या नाहीत. पश्चिमेला जिन्याखाली जागा सुटते आहे, झाडू आणि नळीचं वेटोळं ठेवायला धरलेली. तुम्ही एकदा येऊन मागा.

"मी मागू?" ते म्हणाले. "बाळ, माझ्या बापाच्या मयतीला ज्या तालमीनं खांदा दिला तिथं मी अर्ज घेऊन जाऊ? बोलावलं तर येईन. चालत येईन. पण मागायला न्हाय."

मला त्यांचा हट्ट पटतो. मागायला लावलेली जागा दानाची होते आणि दान कधीही परत घेता येतं. बोलावणं पेठेकडूनच जायला हवं.

आतल्या भिंतींचं ठरवायला मंडळाची बैठक लवकरच आहे, शाळेच्या त्याच पटांगणात. वस्ताद या वेळी बोलणार आहेत. तसा शब्द त्यांनी मला दिलाय. पण ते थकलेत, आणि एकट्या म्हाताऱ्याचं बोलणं चहाच्या कपाबरोबर उचलून नेतात, हे मी पाहिलं आहे. तुम्ही दुसऱ्या गावचे, दुसऱ्या पेठेचे असाल, तर तुमच्याकडची जुनी इमारत पाडण्याआधी आत जा, तिच्यात कुणाकुणाची जागा आहे ते विचारा आणि नव्या नकाशात ती आखून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि आमच्या पेठेतले असाल, कधी त्या पंजापुढं तुमच्या घरातल्या कुणी नारळ ठेवला असेल, तर बैठकीला या. वस्ताद उभे राहिले की तुम्हीही उभे राहा आणि जिन्याखालच्या त्या जागेवर पंजाचं नाव आपल्यासमोर लिहून घ्या.